आकडा एकटा बघू नये

मैत्रिणींनो, लॅबमधून रक्त तपासल्याचा कागद घरी येतो, तेव्हा तुम्ही त्याचं काय करता? बहुतेक घरांत तो आधी घरातल्या कर्त्या माणसाच्या हातात जातो, मग डॉक्टरांच्या टेबलावर, आणि तिथून प्लॅस्टिकच्या पिशवीत. ती पिशवी कपाटात, साड्यांच्या खाली! ज्या बाईच्या दंडाला रबर बांधून रक्त काढलं, तिनं तो कागद स्वतः वाचलाय असं फार क्वचित घडतं. "नॉर्मल आहे ना?" एवढं विचारायचं आणि पोळ्या लाटायला बसायचं, ही आपली रीत.

मी मात्र तो कागद वाचायला शिकले, कारण मला शिकावंच लागलं. मी हिंगोलीला राहते. २०११ सालच्या पावसाळ्यापासून मला मोठ्या आतड्याचा एक चिवट आजार आहे. अल्सरेटिव्ह कोलायटिस हे त्याचं नाव. हा आजार एकदा आला की मुळासकट जात नाही. तो शांत होतो, झोपतो, आणि मनात येईल तेव्हा पुन्हा उठतो. तो जागा आहे की झोपलाय, हे ओळखण्याचा एक मार्ग म्हणजे रक्ताचे आकडे. त्या आकड्यांविषयी आज मी तुमच्याशी बोलणार आहे. विषय शौचाचा, रक्त पडण्याचा आहे. नाक मुरडू नका हं! न बोलल्यामुळेच आपल्यातल्या कितीतरी जणींची दुखणी वाढतात.

आधी आजार काय ते थोडक्यात सांगते. आपलं शरीर बाहेरून आलेल्या जंतूंशी लढतं. या आजारात ते स्वतःच्याच आतड्याशी लढायला लागतं. आतडं आतून सुजतं, त्याला जखमा होतात. मग दिवसातून सहा-सहा, आठ-आठ वेळा जावं लागतं, कळ येते, शेंब आणि रक्त पडतं, अंगातली शक्ती जाते. याचे मुख्य प्रकार दोन. अल्सरेटिव्ह कोलायटिस फक्त मोठ्या आतड्यात असतो आणि तोही आतल्या अस्तरापुरता. दुसरा क्रोन्सचा आजार. न्यूयॉर्कच्या डॉ. बरिल क्रोन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९३२ साली त्याचं वर्णन केलं, म्हणून त्यांचं नाव. हा तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठंही होऊ शकतो आणि आतड्याच्या भिंतीत खोलवर जातो. हा फरक लक्षात ठेवा, पुढे आकड्यांच्या वेळी त्याचं काम पडणार आहे.

आता आपल्याकडं काय होतं बघा. संडासला रक्त दिसलं की पहिलं नाव निघतं ते मूळव्याधीचं. "मूळव्याध, भगंदर, खात्रीशीर इलाज" अशा पाट्या तर प्रत्येक गावच्या बसस्टँडजवळ लागलेल्या. दुसरं नाव आवेचं. आवेच्या गोळ्यांचा कोर्स होतो, चार दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच. आणि बाई असली की तिसरं एक कारण तयारच असतं. थकवा आला, चेहरा पांढरा पडला, जिना चढताना धाप लागली, तर "बायकायला असं असतंच की गं! पाळीत जातंय रक्त."

आमच्याच गल्लीतल्या एका सुनेचं सांगते. लग्नाला तीन वर्षं झालेली, घरात सासू, नणंद, दीर आणि सगळ्यांत मिळून एकच संडास. तिला वरचेवर जावं लागायचं, म्हणून ती पहाटे चारला उठायची. एस.टी.नं माहेरी सेनगावला जायचं म्हटलं तर आदल्या रात्रीपासून जेवायची नाही. हिमोग्लोबिन आठावर आलेलं. दोन वर्षं तिला लोहाच्या गोळ्या मिळत राहिल्या. ते रक्त जातंय कुठून, हा प्रश्न कुणी विचारला नाही आणि तिनं लाजेनं सांगितलं नाही. शेवटी एक दिवस ती न्हाणीघरात चक्कर येऊन पडली, तेव्हा कुठं गोष्ट उघड झाली. नांदेडला नेलं, दुर्बिणीनं आतडं तपासलं आणि निदान झालं. तिला तो सल्ला देणारे घरचे वाईट होते असं मुळीच नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी शंभरात ५४ जणींना रक्त कमी असल्याचं दिसलं. निम्म्याहून जास्त बायका पांढऱ्याफटक असतील, तर एकीचा पांढरेपणा वेगळा कसा दिसावा?

म्हणून पहिला आकडा हिमोग्लोबिनचाच घेऊ. मूल पोटात नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या वर असावं. त्याच्या खाली गेलं तर रक्त कमी आहे, आणि रक्त कमी असणं हा काही बाईचा गुणधर्म नव्हे. त्याला कारण असतं. पाळीत खूप जातं का, जंत आहेत का, जेवण पुरतं का, की आतड्यातून थेंबथेंब रक्त जातंय? आतड्याच्या आजारात हिमोग्लोबिन दोन वाटांनी उतरतं. एक तर जखमांतून रक्त वाहतं. दुसरं, शरीरात सूज असली की खाल्लेलं लोह नीट उचललंच जात नाही, आणि साठ्यातलं लोहही अडकून पडतं.

इथंच एक फसवा आकडा भेटतो, तो फेरिटिनचा. फेरिटिन म्हणजे अंगातल्या लोहाच्या साठ्याची खूण. ते ३० च्या खाली असलं की लोह कमी आहे हे सरळच. पण अंगात सूज असेल तर फेरिटिन आपोआप वर चढतं, म्हणून त्या वेळी १०० पर्यंतचं फेरिटिन दिसलं तरी लोहाची ओढ असू शकते. कागदावर "नॉर्मल" आणि डबा रिकामा! अशा वेळी आजार जोरात असेल किंवा हिमोग्लोबिन दहाच्या खाली असेल, तर डॉक्टर गोळ्यांऐवजी शिरेतून लोह देतात. गोळ्यांनी शौचाचा रंग काळा होतो आणि काहींचं पोट बिघडतं, हेही माहीत असू द्या, म्हणजे उगाच घाबरायला होणार नाही.

दुसरा आकडा ई.एस.आर. ही तपासणी फार जुनी आणि स्वस्त. एका उभ्या काचेच्या नळीत रक्त ठेवायचं आणि तासाभरात तांबड्या पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते मोजायचं. अंगात सूज असली की रक्तातली काही प्रथिनं वाढतात, त्यामुळं पेशी नाण्यांच्या चवडीसारख्या एकमेकींना चिकटतात आणि भराभर खाली बसतात. गंमत अशी, की स्वीडनचे डॉ. रॉबिन फॉरेउस यांनी १९१८ साली हा प्रकार बघितला तो गरोदर बायकांच्या रक्तात! बाई गरोदर आहे की नाही हे यावरून कळेल, अशी त्यांना आशा होती. तसं झालं नाही, पण तपासणी मात्र जगभर टिकली. यातच आपल्यासाठी एक धडा आहे. ई.एस.आर. हा बायकांचा पुरुषांपेक्षा मुळातच थोडा जास्त असतो, वयाबरोबर वाढतो, गरोदरपणात वाढतो आणि रक्त कमी असलं तरी वाढतो. पन्नाशीच्या आतल्या बाईला २० पर्यंत चालतो. शिवाय तो आळशी आहे. सूज उतरली तरी त्याला खाली यायला आठवडे लागतात.

तिसरा आकडा सी.आर.पी., म्हणजे सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस या दोन डॉक्टरांना ते न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तात सापडलं. अंगात कुठंही जाळ पेटला की तिथून रक्तावाटे लिव्हरला निरोप जातो, आणि लिव्हर हे प्रथिन तयार करून रक्तात सोडतं. सहा-आठ तासांत ते वाढायला लागतं, दोन दिवसांत शिखराला पोचतं आणि जाळ विझला की साधारण एकोणीस तासांत निम्म्यावर येतं. म्हणून डॉक्टरांना ते फार आवडतं. औषध लागू पडतंय की नाही, हे चार दिवसांत कळतं. एका लिटरला ५ मिलिग्रॅमच्या आत ते असावं, असं पुष्कळ लॅब मानतात.

इथं एक घरगुती सूचना. काही लॅब सी.आर.पी. लिटरच्या मापानं देतात, काही डेसिलिटरच्या. डेसिलिटरच्या मापातलं १.२ म्हणजे लिटरच्या मापातलं १२. मागच्या महिन्यात १२ होतं आणि आता १.२ आलं म्हणून पेढे वाटाल, आणि आकडा असेल तोच! आपण तोळा आणि ग्रॅम यांत कधी गल्लत करत नाही. मग इथंही आकड्याशेजारचं माप वाचायला विसरू नका.

आणखी दोन आकडे थोडक्यात. अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन साडेतीनच्या खाली उतरलं तर आजार जोरात असल्याची ती खूण असू शकते. आणि प्लेटलेट्स. डेंगीमुळं त्या कमी होण्याची भीती आपल्याला पाठ झालीय, पण आतड्याच्या सुजेत त्या साडेचार लाखांच्याही वर जातात.

आता या आकड्यांचा खरा उपयोग केव्हा? १९५५ साली ऑक्सफर्डच्या ट्रूलव्ह आणि विट्स या डॉक्टरांनी या आजारावर कॉर्टिसोनचा प्रयोग केला. तेव्हा त्यांनी आजार हलका की जोराचा हे ठरवण्याची एक सोपी पट्टी आखली. ती आजही वापरतात. दिवसातून सहा किंवा जास्त वेळा रक्ताची शौच, आणि त्याबरोबर यांतली एक जरी खूण: ताप १०० च्या वर, नाडी मिनिटाला ९० च्या वर, हिमोग्लोबिन साडेदहाच्या खाली, ई.एस.आर. ३० च्या वर. असं झालं तर घरी थांबायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. पाहुणे जाऊ देत, सण होऊ दे, पोराची परीक्षा संपू दे, असं काही मनात आणू नका. ही पट्टी मी कागदावर लिहून स्वयंपाकघरात कॅलेंडरमागे अडकवली आहे, म्हणजे मला बोलायचं त्राण नसलं तरी ह्यांना आणि मुलांना ती सापडेल.

पण मैत्रिणींनो, आकडे जितके उपयोगाचे तितकेच ते एकेकटे फसवे. सी.आर.पी.चंच बघा. सर्दी-ताप, दाढ दुखणं, लघवीचा जंतुसंसर्ग, कशानंही ते वाढतं. ते वाढलं म्हणजे आतडंच बिघडलं असं नव्हे. उलट, आतडं आतून लालभडक असून सी.आर.पी. साधं राहू शकतं. क्रोन्समध्ये सूज भिंतीत खोल असते, तिथं हा आकडा बऱ्यापैकी बोलतो. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये ती अस्तरापुरती असते, म्हणून तो पुष्कळदा गप्पच बसतो. काही माणसांत तर जन्मतःच हे प्रथिन फारसं तयार होत नाही.

माझ्या बाबतीत २०१७ साली नेमकं हेच झालं. दोन वर्षं छान गेली होती. मग उन्हाळ्यात अधूनमधून जरासं रक्त दिसायला लागलं, दिवसातून तीन-चार वेळा जावं लागायचं, पण कामं होत होती. रक्त तपासलं. सी.आर.पी. चार! घरात सगळ्यांना हायसं वाटलं. सासूबाई तर म्हणाल्या, "आता कामून एवढ्या गोळ्या खातीस गं? कागद चांगला आला म्हणतेत ना? कोरड्या पोटी हळद घे, आपल्या घरची हळद. गोळ्यायनं आतडं जळून जाईल." त्यांचा जीव होता माझ्यावर. सुनेला आयुष्यभर गोळ्या खाव्या लागणार, हे त्यांना बघवत नव्हतं. आणि खरं सांगू, गोळ्या बंद करायला कोणाला आवडणार नाही? महिन्याच्या खर्चात त्यांचा एक कप्पा कायमचा अडकलेला.

मी गोळ्या सोडल्या नाहीत. माझ्याजवळ एक वही होती. साधी शंभर पानी. तिच्यात प्रत्येक तपासणीचे आकडे तारखेनिशी लिहिलेले. ती उघडून मी मागची पानं बघितली. हिमोग्लोबिन दिवाळीत १२.१, संक्रांतीच्या सुमारास ११.६, आणि आता १०.९. एकेकटा कागद बघितला तर प्रत्येक वेळी "थोडंसं कमी" एवढंच. तिन्ही एका ओळीत बघितले तर पायऱ्या उतरत चाललेल्या! प्लेटलेट्स तीन लाखांवरून साडेचार लाखांच्या वर. नांदेडच्या आमच्या पोटाच्या डॉक्टरांनी ती वही पाच मिनिटं वाचली. म्हणाले, "ताई, सी.आर.पी. काही का म्हणेना, ही ओळ खोटं बोलत नाही." त्यांनी शौचाची कॅलप्रोटेक्टिन नावाची तपासणी सांगितली.

ही तपासणी रक्ताची नव्हे, पण तिच्याशिवाय रक्ताच्या आकड्यांची गोष्ट अर्धीच राहते. सुजलेल्या आतड्यात पांढऱ्या पेशी गोळा होतात, आणि त्यांच्यातलं हे प्रथिन शौचावाटे बाहेर पडतं. रक्ताचा निरोप लांबून, लिव्हरच्या वाटेनं येतो. हा थेट जागेवरून येतो. ५० च्या आत असलं तर उत्तम, २५० च्या वर गेलं तर आतड्यात सूज असण्याचा संभव मोठा. माझं आठशेच्या पुढं निघालं. नमुना द्यायची लाज वाटते, हे मला माहीत आहे. लहानशी डबी, वर नाव, आणि ती घेऊन रस्त्यानं जायचं. मी ती डबी डब्याच्या पिशवीत घातली आणि भाजी आणायला निघाल्यासारखी गेले. लॅबवाल्या मुलानं तिच्याकडं नीट बघितलंसुद्धा नाही!

गोळ्यांचा डोस वाढला, रात्रीचा एनिमा सुरू झाला आणि दोन महिन्यांत आजार शांत झाला. स्टिरॉइडची वेळ आली नाही. त्या उन्हाळ्यात "चार" या एका आकड्यावर विसंबून गोळ्या बंद झाल्या असत्या, तर पावसाळ्यात मी बहुधा इस्पितळात असते.

हळदीचं म्हणाल, तर तिला मी नावं ठेवणार नाही. आमच्या जिल्ह्याची ती लक्ष्मी आहे. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. हळदीतल्या करक्युमिनचा या आजारात प्रयोगही झाला आहे. २००६ साली जपानी डॉक्टरांनी ८९ रोग्यांवर तो केला. रोज दोन ग्रॅम करक्युमिन घेणाऱ्यांत आजार उलटण्याचं प्रमाण कमी दिसलं. पण ते सगळे आपल्या नेहमीच्या गोळ्याही घेत होते, ही गोष्ट सांगताना गाळली जाते. दिल्लीच्या ए.आय.आय.एम.एस. संस्थेनं कमी डोस देऊन बघितला, त्यात फायदा दिसला नाही. आणि दोन ग्रॅम म्हणजे किती? हळदीत करक्युमिन शेकडा दोन ते पाच भाग. म्हणजे रोज चाळीस ते शंभर ग्रॅम हळद खावी लागेल. भाजी तर सोडाच, पातेलंही पिवळं होईल! करक्युमिनच्या कॅप्सूलही मनानं घेऊ नका, त्यानं काहींच्या लिव्हरला इजा झाल्याची उदाहरणं आहेत. डॉक्टरांना विचारून, गोळ्यांच्या जोडीला, एवढंच. सासूबाईंना मी हेच सांगितलं, आणि भाजीतली हळद चिमूटभर वाढवली. त्यांचंही मन राहिलं.

गोळ्यांचं निघालंच आहे तर एका बाईचं नाव सांगते. या आजारावरचं पहिलं टिकाऊ औषध सल्फासॅलझीन. ते घडवण्यामागं स्वीडनच्या डॉ. नाना स्वार्ट्झ होत्या. १९३७ साली त्या स्टॉकहोमच्या करोलिन्स्का संस्थेत प्राध्यापक झाल्या. औषध खरं तर सांधेदुखीसाठी बनवलेलं, पण आतड्याच्या रोग्यांना त्यानं गुण येतो हे त्यांनी हेरलं. पुढची मेसालमिनची गोळी याच औषधातून निघाली. मी रोज सकाळी तीच घेते.

काही जणींना ॲझाथायोप्रिनसारखी जोराची गोळी लागते. ती चालू असताना रक्त तपासतात ते आजारासाठी नव्हे, औषधासाठी. या गोळीनं पांढऱ्या पेशी एकदम उतरू शकतात किंवा लिव्हरला त्रास होऊ शकतो, आणि आपल्या देशात काही कुटुंबांत जन्मतःच ती न सोसण्याचा गुण असतो. म्हणून सुरुवातीला वरचेवर सी.बी.सी. करतात. "मला तर बरं वाटतंय, मग कशाला सुई?" असं म्हणून ती तपासणी चुकवू नका.

आणखी एक सावधगिरी. आपल्या देशात आतड्याचा टीबी आणि क्रोन्सचा आजार अगदी जुळ्या बहिणींसारखे दिसतात. दोन्हींत वजन उतरतं, ताप येतो, ई.एस.आर. आणि सी.आर.पी. वाढतं. आकड्यांवरून त्यांना वेगळं करता येत नाही. दुर्बिणीनं बघून, तुकडा तपासून ठरवावं लागतं. टीबी असताना नुसतं स्टिरॉइड दिलं तर तो पेटतो. म्हणून नुसत्या रक्ताच्या कागदावर कुणी हा आजार ठरवला आणि स्टिरॉइड लिहून दिलं, तर नम्रपणे दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

आता ज्यांच्या घरी पाळणा हलायचा आहे त्यांच्यासाठी. आमच्या भाचीला हाच आजार. तिला दिवस गेले तशी सासरच्यांनी गोळ्या बंद करा म्हणून धोशा लावला. पोटातल्या जिवाला आजार जोरात असण्याचाच धोका जास्त असतो. मेसालमिनसारखी बरीच औषधं गरोदरपणात चालू ठेवता येतात. मेथोट्रेक्सेट मात्र मुळीच चालत नाही, ते दिवस जाण्याच्या कितीतरी आधी थांबवावं लागतं. सल्फासॅलझीन चालू असेल तर फॉलिक ॲसिड जास्त लागतं. हे सगळं आधीच डॉक्टरांशी बोलून ठरवावं. आणि आकडे? गरोदरपणात हिमोग्लोबिन आणि अल्ब्युमिन उतरतं, ई.एस.आर. चढतो, तेही काही न बिघडता! म्हणून त्या नऊ महिन्यांत शौचाच्या तपासणीवर भिस्त जास्त. भाचीनं गोळ्या चालू ठेवल्या. मुलगा आता बालवाडीत जातो.

तुम्ही वही घालणार असाल, तर तिच्यात काय लिहावं ते सांगते. पान आडवं धरा आणि रकाने आखा. तारीख, वजन, हिमोग्लोबिन, ई.एस.आर., सी.आर.पी. त्याच्या मापासकट, प्लेटलेट्स, अल्ब्युमिन, आणि केलं असेल तेव्हा कॅलप्रोटेक्टिन. शेवटचा रकाना रुंद ठेवा. त्यात त्या आठवड्याची हकिगत: दिवसातून किती वेळा, रात्री उठावं लागलं का, रक्त किती, पाळी चालू होती का, सर्दी-ताप होता का, गोळी चुकली का. हा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा, कारण आकड्याला अर्थ त्याच्यामुळं येतो. शक्य तोवर एकाच लॅबमध्ये तपासा. आणि कंबर किंवा पाळी दुखते म्हणून मेडिकलमधून आणलेल्या गोळ्याही लिहा. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या वेदनाशामकांनी हा आजार उफाळू शकतो, आणि त्या गोळ्या आपण चिवड्यासारख्या खातो!

२०२१ साली जगभरच्या तज्ज्ञांनी या आजाराच्या उपचाराची ध्येयं नव्यानं ठरवली. आधी रोग्याला बरं वाटावं, मग सी.आर.पी. आणि कॅलप्रोटेक्टिन ताळ्यावर यावं, आणि शेवटी आतड्याच्या जखमा भरून याव्यात. त्या भरल्या की नाही, हे दुर्बिणीतूनच दिसतं. म्हणजे रक्ताचा आकडा हा वाटेतला मैलाचा दगड, मुक्काम नव्हे. आठ-दहा वर्षं जुना आजार असेल, तर बरं वाटत असतानाही डॉक्टर म्हणतील तेव्हा दुर्बीण करून घ्या, कारण जुन्या आजारात आतड्याच्या कॅन्सरचा धोका वाढतो.

आमचा जिल्हा १९९९ साली परभणीतून वेगळा झाला, २०२४ साली हिंगोलीला सरकारी मेडिकल कॉलेजही सुरू झालं. तरी अजून या आजारासाठी आम्ही कलमनुरी, वारंगा फाटा करत नांदेड गाठतो, किंवा थेट हैदराबाद. तालुक्याच्या गावच्या लॅबमध्ये मात्र सी.बी.सी., ई.एस.आर. आणि सी.आर.पी. आता होतं. म्हणजे लांबच्या डॉक्टरांना दाखवायची ओळ आपल्याला आपल्या गावातच लिहिता येते.

तेव्हा आज दुपारची आवराआवर झाली की कपाटातली ती पिशवी काढा. कागद तारखेनं लावा, आकडे एका खाली एक उतरवा. आजार नसला तरी चालेल, नुसतं हिमोग्लोबिन लिहा. ते पायरी पायरी उतरताना दिसलं, तर पुढच्या वेळी डॉक्टरांसमोर "नॉर्मल आहे ना?" असं विचारू नका. विचारा, "डॉक्टर, हे रक्त जातंय कुठं?"